पेनांगच्या रस्त्यांवरील नवरात्र

प्रवासवर्णन लिहावयास बसलेल्या माणसानें आधीं देवळें, मग किल्ले आणि शेवटीं समुद्रावरील सूर्यास्त वर्णावा, असा आपल्याकडे अलिखित दंडक आहे. तो मोडल्याबद्दल वाचकांची आरंभींच क्षमा मागतों. पेनांग बेटावर आम्ही तीन आठवडे होतों. तेथील देवळें पाहिलीं, किल्ला पाहिला, सूर्यास्तही चुकविला नाहीं. परंतु घरीं परतल्यावर स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत ज्यानें त्यानें विचारलें तें एकच : "तिकडे खाल्लंत काय?" आणि खरें सांगावयाचें तर त्या तीन आठवड्यांत ज्या एका गोष्टीनें आमची झोप नाहींशी केली, तीही खाण्याचीच होती.

मलय भाषेंत 'पिनांग' म्हणजे सुपारी. मलेशियाच्या पश्चिम किनाऱ्यालगतचें हें सुपारीचें बेट १७८६ सालीं फ्रान्सिस लाइट या इंग्रज कप्तानानें ईस्ट इंडिया कंपनीच्या नांवें ताब्यांत घेतलें आणि तेथें जॉर्जटाऊन वसविलें. बंदर भरभराटीस आलें तसे चीनच्या दक्षिण किनाऱ्यावरचे, तमिळ मुलुखांतले आणि सुमात्रेकडचे लोक पोटासाठीं तेथें जमा झाले. त्यांत एकटे पुरुषच फार. ना घर, ना चूल. अशांना जेवूं घालण्यासाठीं खांद्यावर कावड घेऊन फिरणारे विक्रेते आले. कावडीची पुढें हातगाडी झाली, आणि हातगाडी आतां रस्त्याच्या कडेला ठाण मांडून बसली आहे. पूर्वजांची गरज ती नातवंडांची हौस झालेली दिसते. रस्त्यांत ओळखीचें माणूस भेटलें म्हणजे "जेवलांत का?" असें विचारण्याची तेथील चिनी मंडळींची जुनी रीत आहे. ती ऐकून आम्हांस परकें असें कांहीं वाटलें नाहीं. २००८ सालीं युनेस्कोनें मलाक्का शहराबरोबर जॉर्जटाऊनचीही गणना जागतिक वारशांत केली. त्यांत जुन्या घरांचा मान मोठा. पण गाड्या उठवून नेल्या तर त्या घरांकडे संध्याकाळीं कोण फिरकेल, हा प्रश्नच आहे.

आमचें तेथें जाणें झालें तें थोरल्या काकूंसाठीं. त्यांचा नातू तेथील एका कारखान्यांत इंजिनिअर आहे. २०२४ च्या सप्टेंबरांत नातसून बाळंत झाली. तिला आई नाहीं. तेव्हां वयाच्या शहात्तराव्या वर्षीं काकू स्वतःच डिंक, आळीव, सुंठ पेटींत भरून विमानांत बसल्या. त्यांना परत आणण्याची कामगिरी आमच्याकडे आली. काकूंचें माहेर सावंतवाडीकडचें. बाहेर शिजविलेलें अन्न न खाण्याचा त्यांचा जुना नेम आहे. तो त्या कोणावर लादीत नाहींत आणि कोणासाठीं मोडीतही नाहींत. जातांना क्वालालंपूरच्या विमानतळावर साऱ्या जगाचीं पक्वान्नें भोंवतीं मांडलेलीं असतांना त्यांनीं खुर्चीवर मांडी घालून घरची दशमी आणि गुळाचा खडा खाल्ला, असें नातू सांगत होता.

पहिल्या दोन संध्याकाळीं आम्ही नातवाबरोबर नुसते हिंडलों. धगधगत्या आंचेवर लोखंडी कढया, त्यांत पट्टीसारख्या रुंद तांदळाच्या शेवया, आणि त्यांवर कोळंबी, शिंपले व डुकराची चरबी. हें तेथील सर्वांत लाडकें खाणें, 'चार क्वे त्यो'. तेथून आम्ही वाऱ्याची दिशा पाहून चाललों. पुढें 'आसाम लाक्सा' म्हणून मासळीचा आंबटढाण रस्सा. आपल्या कामाचा नसला तरी त्यांतील एक वस्तु आम्हीं मुद्दाम मागून पाहिली : आंबटपणासाठीं घालतात त्या 'आसाम गेलुगोर' नांवाच्या फळाच्या वाळविलेल्या चकत्या. आपल्या कोकंबाच्याच कुळांतलें हें फळ. आमसुलाचा सख्खा चुलतभाऊ म्हणावयास हरकत नाहीं. पितळी तव्यांवर भाजून, शेंगदाण्याचा कूट आणि साखर भरून दुमडलेला 'अपाम बालिक' पाहून आम्ही हात पुढें केला होता, तों नातवानें पिठांत अंडें असल्याचें सांगितलें. हात मागें आला.

मन तृप्त केलें तें दोन पेयांनीं. एक जायफळाच्या फळाचें सरबत. कंपनी सरकारनें अठराव्या शतकाच्या अखेरीस मोलुक्का बेटांतून जायफळाचीं रोपें पेनांगास आणविलीं. त्या फळाच्या जाड गराचा आंबट-तुरट रस साखर घालून थंड देतात. कोंकणांत जायफळाच्या सालींचें लोणचें ज्यांनीं खाल्लें असेल त्यांना वास चटकन् ओळखतां येईल. दुसरा 'चेंडोल'. तांदळाच्या पिठांत 'पांदान' या केवड्याच्या जातीच्या पानांचा हिरवा रस घालून तें शिजवितात, आणि चाळणींतून दाबून गार पाण्यांत त्याच्या शेंगुळ्यांसारख्या लहान लहान शेवया पाडतात. वाटींत किसलेला बर्फ, त्यावर या हिरव्या शेवया, शिजविलेला राजमा, नारळाचें दाट दूध आणि वरून माडाच्या गुळाचा काळसर पाक. गोडांत राजमा पाहून आमच्या भुंवया वर गेल्या होत्या. वाटी संपली तेव्हां त्या कधींच खालीं आलेल्या होत्या. या चेंडोलानें आम्हांस धीर आला, आणि धीर आला म्हणूनच पुढचा प्रसंग ओढवला.

दिनांक ३ ऑक्टोबर, घटस्थापना. काकूंनीं अठराव्या मजल्यावरील त्या सदनिकेंत, खालच्या बागेंतून माती आणवून घट बसविला, गहूं पेरले, दिवा लावला. नवरात्रांत त्या उठतां-बसतां उपवास करतात. तेव्हां तो दिवस निराहाराचा नव्हे, पण फळांचा. संध्याकाळीं नातू कारखान्यांतून आलेला नव्हता. आम्ही एकटेच समुद्रकांठच्या रस्त्यावर गेलों. त्या दिवशीं कित्येक गाड्यांवर पिंवळीं निशाणें लागलेलीं दिसलीं. त्यांवर तांबडें चिनी अक्षर. एखाद्या सरबताची जाहिरात असावी, असें समजून आम्हीं त्यांकडे लक्ष दिलें नाहीं. निशाण नसलेल्या एका गाडीवर मात्र पेरू, अननस, काकडी, कच्चा आंबा आणि जांब यांच्या फोडी कांचेआड रचलेल्या होत्या. विक्रेता त्या फोडी एका भांड्यांत घेई, काळाभोर, काकवीसारखा दाट रस त्यांवर ओती, तिखट घाली, घोळवी आणि वरून भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट पेरी. नांव 'रोजक'. मलय भाषेंत त्याचा अर्थच मिसळ, असें आम्हांस आधींच कळलें होतें आणि त्या विद्वत्तेचा आम्हांस थोडा अभिमानही होता. आम्हीं एक वाटी खाल्ली. आंबट, गोड, तिखट. चिंच-गुळाचा कोळ आटवून काळा केलेला असावा, असा आम्हीं तर्क केला. वासांत एक अनोळखी झांक होती. ती परदेशी गुळाची, असाही तर्क केला. खिशांत फोन होता, त्याला विचारलें असतें तर त्यानें क्षणांत उत्तर दिलें असतें. परंतु फळांत विचारावयाचें काय? आम्हीं एक पुडा बांधून घेतला.

काकू आधीं नको म्हणाल्या. आम्हीं सांगितलें, "फळंच आहेत काकू. चिंच, गूळ, शेंगदाणे. उपासाला चालेल." आमचें तोंड पाहून त्यांनीं पेरूच्या दोन फोडी घेतल्या. तिसरी घेणार तोंच नातू दारांत आला. त्यानें पुडा उचलला, हुंगला आणि तसाच उभा राहिला. काळा रस म्हणजे 'हे-को' : कोळंबी आटवून, साखर घालून केलेला लगदा. पेनांगच्या रोजकाचा सारा प्राण त्यांतच.

काकू कांहीं बोलल्या असत्या तर बरें झालें असतें. त्या उठल्या, चूळ भरली, स्नान केलें, आणि ओल्या केंसांनीं घटापुढें बराच वेळ बसून राहिल्या. रात्रींचें दूध त्यांनीं घेतलें नाहीं. दुसऱ्या दिवशीं उपवास नव्हता, तोही केला. बाळंतिणीचा स्वयंपाक मात्र नेहमींप्रमाणें झाला. आमच्या ताटांत वाढतांना हात नेहमींसारखाच सढळ होता; फक्त आम्हीं आणलेल्या केळ्यांना त्यांनीं हात लावला नाहीं. घरांत चाळीस वर्षें ज्यांच्या हातचें आम्ही डोळे मिटून खात आलों, त्यांनीं एकदां आमच्या शब्दावर डोळे मिटले, आणि त्या शब्दाची ही किंमत निघाली. स्वतः आम्हीं एक वाटीभर खाल्लें होतें, याचें त्या रात्रीं फारसें कांहीं वाटलें नाहीं. त्या दोन फोडींचें वाटलें.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं काकू आपण होऊन बोलल्या. "बापू, खाल्लं त्याचं एवढं नाहीं. तूं विचारलं नाहींस. माहीत नाहीं म्हणायची लाज वाटली होय तुला?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें. मग त्यांनीं नातवाला जवळ बसवून चार शब्द पाठ केले : 'उदांग' म्हणजे कोळंबी, 'इकान' म्हणजे मासा, 'तेलुर' म्हणजे अंडें, आणि 'बावांग' म्हणजे कांदा. 'बावांग पुतिह', पांढरा कांदा, म्हणजे लसूण, हें ऐकून त्यांना हंसूं आलें; दोन दिवसांत तें पहिलें हंसूं.

त्याच दिवशीं दुपारीं साबूदाणा भिजवितांना नातवानें त्यांना छेडलें. साबूदाणा हें नांवच मुळीं मलय 'सागु' वरून आलेलें. त्या मुलुखांत सागु नांवाच्या ताडासारख्या झाडाच्या गाभ्यापासून तो करतात. आपल्याकडचा साबूदाणा तर त्याही झाडाचा नव्हे, तमिळनाडूंतल्या सेलमकडे पिकणाऱ्या कंदाचा, आणि तो कंद मूळचा दक्षिण अमेरिकेंतला. शेंगदाणा तिकडचाच, बटाटा तिकडचाच, मिरचीही अमेरिकेचीच. "म्हणजे आजी, तुझ्या उपासाच्या ताटांत देशी काय, तर तूप आणि जिरं." जिऱ्याचें मूळही बहुधा पश्चिमेकडेच निघेल, असें आमच्या मनांत आलें, पण त्या आठवड्यांत आम्हीं शहाणपण सांगण्याचें व्रत सोडलें होतें. काकू म्हणाल्या, "परदेशाहून येऊं दे. न सांगतां येऊं नये."

रविवारीं त्या आमच्याबरोबर बाहेर पडल्या. जॉर्जटाऊनमध्यें क्वीन स्ट्रीटवर श्रीमहामारियम्मनचें देऊळ आहे, १८३३ सालचें. नवरात्रांत देवीचें दर्शन घ्यावें, हा हेतु. त्या भागाला 'लिटल इंडिया' म्हणतात, आणि भारत म्हणजे तेथें मुख्यत्वें तमिळ देश. दर्शन घेऊन बाहेर येतों तों कोपऱ्यावर एका तमिळ गृहस्थाची गाडी. वेताच्या विणलेल्या लहान लहान चकत्या, एकावर एक रचलेल्या. प्रत्येकीवर तांदळाच्या पांढऱ्याशुभ्र, बारीक शेवयांचें वेटोळें, आणि त्यांतून वाफ निघते आहे. शेजारीं खोवलेलें खोबरें, आणि तांबूस साखर. नांव 'पुतु मायाम'.

काकू थबकल्या. म्हणाल्या, "अगबाई, हे तर शिरवाळे!"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं सांगतों. सावंतवाडी-मालवणकडे तांदळाची उकड साच्यांतून दाबून ज्या शेवया पाडतात, त्या शिरवाळे. गूळ आणि वेलदोडा घातलेल्या नारळाच्या रसांत बुडवून त्या खावयाच्या. काकूंच्या माहेरीं लाकडी साचा होता. त्याचा दांडा दाबावयास घरांतलीं दोन माणसें लागत, आणि भावंडांत तें काम मिळावें म्हणून भांडणें होत. साचा पुढें मोडला, भाऊही गेले. आमच्या घरीं आल्यापासून काकूंनीं शिरवाळे केल्याचें आम्हांस स्मरत नाहीं. आम्हीं कधीं विचारलेंही नव्हतें.

त्यांनीं गाडीवाल्यासमोर उभें राहून एकेक बोट मोडीत विचारलें : "उदांग? इकान? तेलुर? बावांग?" त्यानें प्रत्येक शब्दाला मान हालविली, शेवटीं कपाळावरच्या भस्माकडे बोट नेऊन म्हणाला, "सैवम् अम्मा, सैवम्." हा शब्द काकूंना कोणीं समजावून सांगावा लागला नाहीं. तरी त्यांनीं पीठ पाहिलें, पाणी कोठलें तें विचारलें, साखरेचा चिमटा जिभेवर ठेवला. गाडीवाल्याच्या मागें रांग लागली होती. पण तो उतावीळ झाला नाहीं. मग देवळाच्या भिंतीच्या सावलींत उभ्या उभ्या, चाळीस वर्षांचा नेम बाजूला ठेवून, काकूंनीं दोन वेटोळीं खाल्लीं. तिसरें पानावर घेऊन आम्हांपुढें धरलें.

"घे बापू. मी विचारलंय."

तें आम्हांस कसें लागलें, तें येथें सांगत नाहीं. खोबरें थोडें जून होतें, एवढेंच सांगतों.

पिंवळ्या निशाणांचा उलगडा त्यानंतर झाला. तेथील चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याच्या प्रतिपदेपासून नऊ दिवस 'नऊ सम्राट देवां'चा उत्सव असतो. त्या वर्षीं ती प्रतिपदा आणि आपली घटस्थापना एकाच दिवशीं आली होती. हे देव म्हणजे आपण ज्यांना सप्तर्षि म्हणतों ते सात तारे आणि डोळ्यांना न दिसणारे आणखी दोन. त्यांची एक माताही आहे, आणि चिनी परंपरेंत ती बौद्धांच्या मारीची देवीशीं एकरूप मानली गेली आहे. ही मारीची आपल्याकडूनच तिकडे गेलेली. नऊ दिवस भक्त पांढरे कपडे घालतात, मांस-मासे वर्ज्य करतात, आणि कडक नेमाचे लोक कांदा-लसूणही खात नाहींत. पिंवळें निशाण म्हणजे 'या गाडीवर हें व्रत पाळलें जातें' ही खूण. घटस्थापनेच्या संध्याकाळीं अशा दहा-बारा निशाणांखालून चालत जाऊन आम्हीं बिननिशाणाची गाडी शोधून काढली होती!

काकूंना हें खरें वाटेना. त्या स्वतः पाहावयास आल्या. पहिल्याच गाडीवर ताटांत मासा! खवल्यांसह. काकू दोन पावलें मागें सरल्या. नातवानें समजाविलें कीं तो सोयाबीनचा, वरचें कातडें समुद्रशेवाळाचें. मांसाहाऱ्यांना नऊ दिवस जड जाऊं नयेत म्हणून अशीं बदकें, कोंबड्या, मासे गव्हाच्या व सोयाबीनच्या सत्त्वापासून करतात. काकूंनीं त्या माशाकडे पाहून निकाल दिला : "सोंग घ्यायचं तर देवाचं घ्यावं. माशाचं कशाला?" आम्हांसही तें पटलें, आणि अजून पटतें.

पलीकडच्या गाडीवर काकूंच्याच वयाची एक चिनी म्हातारी होती. पांढरे कपडे, मनगटाला पिंवळा दोरा. तांदळाच्या बारीक शेवया कोबी आणि गाजर घालून ती परतीत होती. काकूंचे चार शब्द झाले. म्हातारीनें चारही वेळां हात आडवा फिरविला. मग काकूंनीं कढईकडे बोट केलें : एरवीं यांत काय करतां? हें विचारावयास शब्द नव्हते; पण बायकांना स्वयंपाकघरांत भाषा लागत नसावी. म्हातारी खालीं वांकली. गाडीच्या पोटांतून तिनें कागदांत गुंडाळून ठेवलेली एक दुसरी, जुनी, तेलकट कढई काढून दाखविली, आणि समोरची नवी कढई उलथन्यानें वाजवून नऊ बोटें वर केलीं. नऊ दिवसांपुरती वेगळी! काकूंनीं आमच्याकडे पाहिलें. सोवळ्याचीं भांडीं फडताळांत वेगळीं ठेवणें म्हणजे काय, तें आमच्या घरांत आतां त्यांनाच पुरतें ठाऊक आहे.

म्हातारीनें दोन शेवया हातावर दिल्या. काकूंनीं त्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "मीठ कमी आहे." त्यानंतर दोन-तीन संध्याकाळीं त्या तेथें जाऊन बसल्या. एक मराठींत बोले, दुसरी चिनींत. एकदां त्या भिजविलेल्या साबूदाण्याची खिचडी डब्यांतून घेऊन गेल्या, म्हातारीनें आधीं डब्याकडे बोट करून "बावांग?" असें विचारलें, आणि मगच चमचा उचलला.

११ ऑक्टोबरच्या रात्रीं त्या नऊ देवांना वाजत-गाजत समुद्राकडे नेऊन निरोप दिला गेला. दुसरे दिवशीं आमचा दसरा. आपटा कोठें मिळाला नाहीं. परंतु इमारतीखालीं कांचनाचें झाड होतें, त्याचीं पानें काकूंनीं सोनें म्हणून घेतलीं. घरांत सर्वांना वांटून झाल्यावर एक पान पदरांत ठेवून त्या आम्हांस म्हणाल्या, "चल."

रस्त्यावर निशाणें उतरलीं होतीं. म्हातारीच्या गाडीवर जुनी कढई चढली होती आणि भोंवतीं गिऱ्हाइकांची दाटी होती. काकू येतांना दिसतांच तिनें दुरूनच उलथनें उंच धरून जोरजोरानें आडवें हालविलें. "उदांग! उदांग!" असें ती ओरडत होती आणि हंसत होती. काकू चार हातांवर थांबल्या. म्हातारीनें हात फडक्याला पुसले, पुन्हां एकदां पाण्यानें धुतले आणि ती गाडीच्या बाहेर आली. काकूंनीं पान तिच्या हातावर ठेवलें. त्याचें काय करावयाचें तें तिला कळेना. तिनें तें उलटून पाहिलें, नाकाशीं नेलें, आणि घडी न मोडतां सदऱ्याच्या खिशांत घातलें.